कोपरापर्यंत

अशोक चौकातल्या माझ्या दुकानात
मे महिन्यात दुपारी दोनला कुणी फिरकत नाही.
वर पत्रा, खाली धापा टाकणारा सीपीयू.
तेव्हा सायम्मा बोड्डा आल्या
आणि पदराच्या गाठीतून काढला
चार घड्यांचा नवरा.

"ते पट्ट्यापट्ट्यांचं करतोस म्हणे तू.
यमुलांच्या पोरीच्या साखरपुड्याचं बघितले मी.
तसं करून दे की तम्मा, यांचं."

फोटो काळापांढरा. डाय हाउसच्या दारात एक माणूस,
दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले,
सदऱ्याला लागू नयेत म्हणून.
"लग्नातपण असंच उभारलेले," त्या म्हणाल्या.

स्कॅन केला. ओरखडे काढले.
गालावरून गेलेली घडी
शेजारच्या कातडीने बुजवली.
मग नेहमीचं काम :
पाच उभे चौकोन, प्रत्येकावर एक रंगाची लेयर,
मल्टिप्लाय, साठ टक्के.
कपाळ जांभळं, एक डोळा शेंदरी, दुसरा समुद्री हिरवा,
कानाशी थोडं सोनेरी.
मला आवडला. दोनशे रुपयांत इतकं कोण करून देतं?

सायम्मांनी चष्मा पुसला.
"हे कोण?"

मग म्हणाल्या, तोंडाला कधी लागलाच नाही रे रंग.
हाताला. कोपरापर्यंत.
सोमवारी मोराच्या चादरीचा लॉट, हिरवा.
मंगळवारी लाल, आणि लाल काही केल्या जायचा नाही,
बुधवारचा पिवळा त्याच्यावर बसून
विटेसारखं काहीतरी व्हायचं.
"ताटाला बसले की मी ओरडायची,
भाकरीवर बोटं उमटतील म्हणून.
उमटायची नाहीत.
पक्का रंग होता."

चेहरा मी परत करडा केला.
कोपरापाशी मास्क लावला,
तिथून खाली आडव्या पट्ट्या,
डाव्या हाताला तीन, उजव्याला चार.
स्लायडर माझ्या हातात, नजर त्यांची :
अजून. अजून. थांब.
आता मेला तो रंग, मागं घे.
चिमूटभर काळा टाक त्यात.
स्क्रीनवर आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस,
त्या म्हणाल्या, हां, हा दोन नंबर टाकीचा.
माझ्याशी बोलत नव्हत्या.

सातवी पट्टी उरली.
"सुट्टीच्या दिवशी?" मी विचारलं.
"मूळचा रंग देतो. गोरे होते की सावळे?"

बाहेर मागांची खटखट.
सायम्मांचा अंगठा आणि दोन बोटं
नसलेली विडी वळत राहिली.
"आठवत नाही रे.
असेल की काहीतरी.
मी पाणी घालायची, ते घासायचे.
साबण, रॉकेल, लिंबाची फोड.
एक वार निघाला
की खालून दुसरा वार यायचा."

सगळ्यात खालच्या लेयरला कुलूप असतं.
दोनदा क्लिक केलं की उघडतं.
मी हात लावला नाही.
सातवी पट्टी करडीच ठेवली,
फक्त पाच नखांच्या कडांना निळा भरला,
त्या म्हणाल्या तेवढा,
चारशे टक्के मोठं करून,
जिथे माणूस दिसत नाही,
नुसते चौकोन दिसतात
एकाला एक लागून.

बारा बाय अठरा, मॅट लॅमिनेशन.
नोटा मोजून दिल्या, तंबाखूच्या वासाच्या,
वीस रुपये कमी. मी काही बोललो नाही.
उन्हात उतरताना त्यांनी फोटो धरला होता
दोन्ही हातांनी, लुगड्यापासून लांब.

वाळलाय तो आजी, मी म्हणालो.
ऐकू गेलं नसावं.